सुवार्ता सांगायची की गप्प बसायचं? तरुण संघाच्या प्रश्नाला एका ख्रिस्ती पाळकाचं उत्तर

पुण्याजवळच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाकडून प्रश्न आला आहे. या नाताळात आसपासच्या सोसायट्यांत आणि मागच्या वस्तीत घरोघरी येशूबद्दलच्या पत्रिका वाटाव्यात असं संघाच्या मनात आहे. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, दिवस बरे नाहीत, आपली उपासना आपल्या चार भिंतींत बरी. संघाच्या चिटणीसबाई विचारतात की आजच्या काळात सुवार्ता, म्हणजे येशूची चांगली बातमी, सांगावी का, कायद्यानं सांगता येते का, आणि सांगायची तर कशी.

सांगावी. कायद्यानं सांगताही येते. तरी पत्रिकांचे गठ्ठे घेऊन जिने चढू नका, असंच मी म्हणेन, आणि त्यामागे वडीलधाऱ्यांना वाटते ती भीती नाही. पत्रिका दाराखालून सरकवणारा पुढच्या दाराकडे निघून जातो. ती वाचून एखाद्याच्या मनात खरंच काही हललं, तर विचारायला समोर माणूस नसतो. आणि ज्याला राग येतो त्याला कोण आलं होतं, कशासाठी आलं होतं हे कळत नाही. मग तो सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती माणसं शंभरात एकही भरत नाहीत. बहुतेक मराठी घरांनी ख्रिस्ती शेजारी फक्त सिनेमात पाहिलाय. अशा ठिकाणी कागदानं ओळख होत नाही.

नगर जिल्ह्यातली खेडी आणि नंतर पुणे, असं माझं पाळकपण गेलं. त्यातून जे हाती लागलं ते एवढंच: आपण कोण आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, जे द्यायचं ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्यायचं, आणि ज्याला विचारावंसं वाटेल त्याला आपण वर्षानुवर्षं तिथंच सापडलो पाहिजे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) हेच सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या. आधी कुणीतरी विचारतंय, मग आपण उत्तर देतोय. विचारावंसं वाटेल असं आपलं जगणं आहे का, हा प्रश्न पत्रिका छापण्याच्या आधीचा आहे.

आधी कायद्याचं बोलू, कारण वडीलधाऱ्यांची काळजी खरी आहे आणि ती उडवून लावू नये.

संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्कही देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ साली पाच न्यायाधीशांच्या पीठानं ते कायदे वैध ठरवले आणि सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं इतरांना समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर आपल्यातले बरेच जण नाराज असतात. माझं मन त्यात अडकत नाही. माणसाचं अंतःकरण पालटणं हे माझं काम कधी नव्हतंच; ते त्याचं आणि देवाचं आहे. माझ्याकडे सांगणं आलंय, आणि सांगण्याचा हक्क त्या निकालानंही ठेवलाय.

राज्याराज्यांच्या कायद्यांत तीन गोष्टी सगळीकडे आहेत: बळजबरी, आमिष, फसवणूक. काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं. आमिषाची व्याख्या नव्या कायद्यांत फार रुंद झाली आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन, इतकंच काय, देवाच्या कोपाची भीती दाखवणंही आमिषात धरलंय. तुमचा कार्यक्रम ज्या राज्यात असेल तिथला आजचा कायदा एखाद्या वकिलाला विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरावर विसंबू नका. मुलांच्या बाबतीत माझा नियम कायद्यापेक्षा कडक आहे. सुट्टीतल्या बायबल शाळेला बिगरख्रिस्ती घरातलं मूल आलं, तर आईवडिलांची लेखी परवानगी असल्याशिवाय त्याला वर्गात बसवायचं नाही. गाणं, गोष्ट, खाऊ, काहीही असो. आपल्या लेकराला आपल्याला न विचारता कुणी दुसऱ्या धर्माचं शिकवलं तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं आठवलं की पुरे.

आता आमिषाकडे येतो. हा शब्द कायद्याआधीच आपल्या मानेवर बसलाय, आणि तो का बसला हे तरुणांना ठाऊक असायला हवं.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. अहमदनगरचं ठाणं १८३१ मध्ये सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं शाळा चालल्या, छापखाने चालले, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं, पण बाप्तिस्मे, म्हणजे ख्रिस्ती होण्याचे विधी, मोजकेच झाले. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात महार आणि मांग वस्त्यांतून माणसं मोठ्या संख्येनं मंडळीत आली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासून आपल्या घरांना चिकटलाय. तो अन्यायाचा आहे. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ज्याच्या पोराला शाळेच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, तो शाळेच्या आणि माणुसकीच्या दिशेनं चालत आला यात लाज वाटावी असं काही नाही. माझे स्वतःचे पूर्वज त्याच वाटेनं आले आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. धान्य देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असला, की लोकांना त्यात फरक दिसत नाही, आणि कधी कधी घेणाऱ्यालाही दिसत नाही. त्या एका घोटाळ्याची किंमत आपण दीडशे वर्षं मोजतोय.

पंडिता रमाबाईंनी हाच पेच फार जवळून सोसला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींसाठी शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ, असा शब्द दिलेला होता आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. आपल्या खोलीत त्या बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि काही मुली तिथं येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर मी बोट ठेवत नाही. आपल्याच खोलीत प्रार्थना करण्याचा त्यांचा हक्क होता, आणि त्यांनी कुणाला ओढून आणलं नव्हतं. पण संस्थेनं दिलेला शब्द आणि संस्थाचालिकेचं आयुष्य यांत जी फट राहिली होती, तिच्यातून संशय आत आला. नंतर दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, ते पहिल्या दिवसापासून उघड ख्रिस्ती संस्था म्हणून. हजारो अनाथ आणि टाकलेल्या स्त्रियांना तिथं घर मिळालं, आणि ही संस्था कुणाची हे कुणालाही शोधून काढावं लागलं नाही.

म्हणून मी तरुणांना सांगतो, पाटी खरी लावा. आरोग्य शिबिर घेताय तर ते आरोग्य शिबिरच असू द्या, वर चर्चचं नाव लिहा आणि आत फक्त डॉक्टर बसवा. प्रार्थना सभा घेताय तर प्रार्थना सभा असं लिहा. ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असा फलक लावून आत सुवार्तेचा संदेश देणं मला मुळीच पटत नाही. जी बातमी चांगली आहे असं आपण म्हणतो ती लपवून का न्यायची? समोरचा फसला असं त्याला नंतर वाटलं, तर त्यानं ऐकलेलं सगळंच त्याच्या मनात खोटं ठरतं.

एक प्रसंग सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते दिसेल. नगर जिल्ह्यात एका कारखान्याच्या हद्दीत दर हंगामाला बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोप्या म्हणजे झोपड्या, समोर चूल, बाजूला बैलं. पहाटे अंधारात बाया फडात जातात, मोळ्या बांधतात, वाहन भरलं की दिवस उजाडलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कुणाला घरी जाता येत नाही. आमच्या मंडळीच्या महिला मंडळानं तिथं थंडीत पांघरुणं न्यायला सुरुवात केली, आणि मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई बाळंतिणींची तपासणी करायला सोबत येत. एका कोपीत ओली बाळंतीण होती. पांघरूण हातात घेऊन तिच्या सासूनं आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “तुमी कुन्या पक्षाचे?” नर्सबाई म्हणाल्या, “आम्ही पक्षाचे नाही, मावशी. ख्रिस्ती लोक आहोत, त्या पलीकडच्या चर्चमधले.” मावशी म्हणाली, “मंग आता आमाला काय करावं लागंल?” नर्सबाई बाळाचं टाळू चाचपत होत्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “बाळाला पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात नेऊन डोस द्यायचा. तेवढंच करायचं.”

त्या कोपीत कुणी प्रार्थना केली नाही, पत्रिका ठेवली नाही. महिला मंडळात यावर नंतर चर्चा झाली. एकीचं म्हणणं पडलं, निदान येशूचं नाव तरी घ्यायचं होतं. मी म्हणालो, नाव घेतलंय. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी विचारल्यावर सांगितलंय. कर्जात बुडालेल्या, परक्या गावात अडकलेल्या बाईच्या हातात आपलं पांघरूण असताना तिला ‘येशूवर विश्वास ठेवता का’ असं विचारणं म्हणजे तिला नाही म्हणायची सोय न ठेवणं. जिथं माणूस मोकळेपणानं नाही म्हणू शकत नाही, तिथं त्याचं हो घेऊ नये. माझ्या मते सगळ्या सुवार्ताकार्याची कसोटी हीच आहे. रुग्णालयातल्या खाटेवर, नोकरी देणाऱ्यानं नोकराला, शिक्षकानं विद्यार्थ्याला, वाचवणाऱ्यानं बुडणाऱ्याला, यांतल्या कुठल्याही जागी उभं राहून धर्माचं आवाहन करू नका.

मग सांगायचं तरी कुठं आणि कुणाला? जिथं दोघं बरोबरीनं बसलेत तिथं. चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, सोसायटीच्या बाकावर. तुमच्याच शहरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो पोरं खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. वय निघून चाललेलं, घरून फोन आला की काय सांगावं कळत नाही. त्यातल्या एखाद्याशी तुमची मैत्री असेल आणि त्यानं एका रात्री विचारलं की तू इतकी शांत कशी राहतेस, तर तिथं लाजू नका. तुमच्या बाबतीत जे खरं आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. पाळकांची वाक्यं पाठ करून म्हणू नका. तुमच्या घरात कोण आजारी होतं, तेव्हा तुम्ही काय मागितलं, काय मिळालं आणि काय मिळालं नाही, येशूच्या कुठल्या गोष्टीनं तुम्हाला धरून ठेवलं, एवढं पुरतं. त्यानं आणखी विचारलं तर एक शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा सांगणारं बायबलमधलं पुस्तक, वाचायला द्या. मी मार्कचं शुभवर्तमान देतो. ते सगळ्यात लहान आहे आणि एका बैठकीत वाचून होतं.

कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका परदेशी गृहस्थाशी त्यांचं बोलणं झालं. तो आदरानं बोलला, टिळकांच्या कवितेबद्दल, धर्मविचारांबद्दल बोलला, आणि उतरताना बायबलची प्रत देऊन वाचायची विनंती करून गेला. टिळक वाचत राहिले, प्रश्न विचारत राहिले, पत्रव्यवहार करत राहिले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मधली दोन वर्षं त्यांना कुणी घाई केली नाही. पुढे त्यांनी जे केलं ते तर आपल्या प्रत्येक मंडळीत रोज गायलं जातंय. अभंग, भजन, कीर्तन या आपल्या मातीतल्या रीतींनी त्यांनी ख्रिस्त गायला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. १९१९ मध्ये ते गेले, तो दरबार फार वाढू शकला नाही. पण ज्याला ख्रिस्त आवडतो आणि ज्यानं अजून काहीच ठरवलेलं नाही, त्यालाही बसायला सतरंजी हवी, हा त्यांचा विचार आज आपल्याला शंभर वर्षांपूर्वीपेक्षा जास्त हवा आहे.

टिळकांच्या कथेत आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय त्यांचं नाव घेऊ नये. त्यांच्या बाप्तिस्म्यानं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. नवरा परका झाला, त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, बरीच वर्षं ते दुःख त्यांनी गिळलं. पुढे त्या आपल्या विचारानं, आपल्या वेळेला आल्या. म्हणून माझ्याकडे कुणी बाप्तिस्मा मागायला आला की पहिला प्रश्न असतो, घरी सांगितलंस का? दुसरा, बायको काय म्हणते? कुणी घरच्यांपासून लपवून बाप्तिस्मा मागितला तर मी थांबायला सांगतो. आईबापांचा मान ठेवत, रोजच्या जेवणाच्या ताटावर बसून त्यानं आपलं मन त्यांना सांगावं. काही जण त्यामुळे परत येत नाहीत. नाही आले तर न येवोत. घर तोडून आलेला माणूस मंडळीत आणायची मला हौस नाही.

अनुसूचित जातीतल्या माणसाला तर पहिल्याच गंभीर बोलण्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. पोराची शिष्यवृत्ती, राखीव जागा, निवडणुकीतली राखीव जागा, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळ्याचा प्रश्न येतो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माशी बांधलेला नाही, तो वेगळा विषय. हा भेद अन्यायाचा आहे असं मी उघड म्हणतो, त्याविरुद्ध मोर्चांत चाललोय. पण तो आज आहे, आणि बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री नव्हे तर फार आधी त्या कुटुंबाला कळला पाहिजे. ‘कागदावर राहू दे तसंच’ असा सल्ला देणारे सुवार्तिक मी पाहिलेत. सत्याच्या नावानं बोलावून पहिल्याच पायरीवर खोटं लिहायला लावायचं, हे कुठलं शुभवर्तमान?

आणि हो, आलेल्या माणसाला आपण बसवतो कुठं? आपल्याच बाकांवर जात बसलेली आहे. मुलीचं स्थळ बघताना आपल्या ख्रिस्ती घरांत ‘मूळचे कोण’ हा प्रश्न अजून विचारला जातो. नवीन आलेल्या कुटुंबाला नाताळचं जेवण मिळतं, पण त्यांच्या मुलीच्या लग्नाला आपल्यातलं घर मिळत नाही, आणि घरात मयत झाली की दफनभूमीच्या कमिटीत कागद शोधायला सुरुवात होते. तरुण संघानं बाहेर जाण्याआधी या गोष्टी कमिटीपुढे मांडाव्यात. मंडळीतली चार घरं तरी अशी हवीत जी नव्या माणसाच्या अडीअडचणीला रात्री दार उघडतील.

आजारपण आणि प्रार्थना यावर थोडं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं आपण सोडणार नाही, सोडूही नये. पण बरं करण्याची जाहिरात करू नका. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानं मधुमेह, कर्करोग, क्षय अशा रोगांवर चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. घरसभेत मधुमेह असलेल्या एक काकू येत; दुसरीकडच्या सभेत ऐकून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या, विश्वास कमी पडेल म्हणून. मी त्यांच्या सुनेला फळीवरचा गोळ्यांचा डबा आणायला लावला, पाण्याचा पेला हातात दिला, काकूंनी गोळी घेतली, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. त्या घरी तीच रीत पडली.

पैशाचं आणि फोनचं दुखणं एकच आहे. बाप्तिस्म्याचा व्हिडिओ काढायचा, रील टाकायची, बाहेरच्या देणगीदाराला आकडे पाठवायचे. परदेशी पैसा घ्यायचा तर परकीय अंशदान कायद्याची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणून मंडळीचं काम मंडळीच्या दशांशावर, म्हणजे सभासद आपल्या कमाईचा दहावा भाग देतात त्यावर, चालेल एवढंच ठेवा. आणि ख्रिस्ताबद्दल विचारत येणाऱ्या शोधक माणसाचा चेहरा कधीही इंटरनेटवर टाकू नका. त्याच्या गावात, त्याच्या भावकीत त्या एका फोटोचं काय होईल हे तुम्हाला इथं बसून कळत नाही. भजनं टाका, संदेश टाका, तुमचेच चेहरे टाका.

आकड्यांच्या मागे लागणाऱ्यांना मी जोतीराव फुल्यांची आठवण देतो. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत, मिशनच्या बाप्तिस्म्याच्या यादीत त्यांचं नाव कधी चढलं नाही. त्या शिक्षकांचं काम वाया गेलं असं कोण म्हणेल? उलट १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनरी आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे जाहीर वाद रंगले, गर्दी लोटली. दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या धर्मग्रंथांवर तोंडसुख घेतलं आणि ऐकणारे आपापल्या घरी गेले. दुसऱ्याच्या देवाबद्दल, संताबद्दल, सणाबद्दल एकही वाकडा शब्द बोलू नका. गणपतीची आरती चालू असताना शेजारी बोलावतील तर जा, बसा, प्रसादाबद्दल तुमची जी भूमिका असेल ती नम्रपणे सांगा.

विरोध झाला तर काय, हेही विचारलंय. सभा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी घ्या, जागेचा करार आणि लागेल ती परवानगी हाताशी ठेवा, रात्री दहानंतर स्पीकर बंद. शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा. कुणी घोळक्यानं आलं तर वाद घालू नका, बायकामुलांना आधी बाहेर काढा, पोलिसांना फोन करा, एकानंच बोलावं आणि तो वयानं मोठा असावा.

आता तुमचा नाताळ. पत्रिकांचे पैसे फराळाला वापरा. कॅरोलची फेरी काढायचीच आहे तर ती सोसायटीच्या चेअरमनना आधी विचारून, मराठी गाणी घेऊन काढा. टिळकांची पदं पेटी, तबल्यावर म्हटली तर खिडक्या आपोआप उघडतात. नाताळनंतरच्या शनिवारी संध्याकाळी चर्चचं आवार शेजाऱ्यांसाठी खुलं ठेवा. करंज्या, शंकरपाळी, चहा. आत फिरून बघू द्या. वेदी काय, बाप्तिस्म्याचं पात्र काय, उपासनेत काय होतं हे संघातल्या मुलामुलींनी दाखवावं. मग एकानं पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आपण हा सण का करतो ते सांगावं. पुढे येण्याचं आवाहन नको, हात वर करायला सांगणं नको, नावनोंदणी नको. प्रश्न विचारायला वेळ ठेवा आणि अवघड प्रश्न आले तर वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यावं. त्यांना व्यासपीठावर बसवलंत की त्यांची निम्मी भीती जाईल. दाराजवळच्या टेबलावर शुभवर्तमानाच्या प्रती असू द्या, कुणाच्या हातात कोंबू नका. ज्याला हवी तो मागेल. फेब्रुवारीत, सण विसरला गेल्यावर, ज्यांनी मागितली त्यांना सहज भेटून या.

बोलावण्याच्या कागदावर ‘सांस्कृतिक स्नेहमेळावा’ असं काही लिहू नका. चर्चचं पूर्ण नाव, ‘नाताळनिमित्त शेजाऱ्यांना आमंत्रण’ ही ओळ, वेळ, आणि खाली पाळकांचं नाव व फोन नंबर. तो कागद संघातल्या दोघांनी प्रत्येक घरी जाऊन, दार वाजवून, हातात द्यायचा.